बाज उजव्या हातावर

खानचाचा कटिंग मशीन बंद करून वर माझ्या केबिनमध्ये आले, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे मला कळायला हवं होतं. कटिंगचा माणूस काम अर्धवट टाकून कधी वर येत नाही. त्यांच्या हातात नऊ नंबरची शीट होती, नुकतीच मशीनवरून उतरलेली. ती त्यांनी माझ्या टेबलावर पसरली आणि चित्रातल्या सरदाराच्या मनगटावर बसलेल्या बाजाच्या बाजूला हलकेच बोट टेकवलं.

"साब, ये तस्वीर पलट गयी है. बाज दाहिने हाथ पे कोई नहीं बिठाता."

खानचाचा पेशावरकडचे. आमच्या प्रेसमध्ये येण्याआधी त्यांनी अल ऐनमधल्या एका घराण्याचे बाज आठ वर्षं सांभाळले होते. बाज नेहमी डाव्या हातावर, कारण डोळ्यांवरची टोपी काढायला आणि मांस भरवायला उजवा हात मोकळा लागतो, एवढं त्यांनी मला समजावून सांगितलं. मग चित्रात मागे उभा असलेला नोकर दाखवला. त्याच्या उजव्या हातात किटली होती आणि डाव्या हाताने तो कॉफीचा पेला पुढे करत होता. चाचा म्हणाले की डाव्या हाताने गहवा देणाऱ्या नोकराला या मुलखात दुसऱ्या दिवशी कामावर ठेवत नाहीत.

मी त्या चित्राबरोबर दोन आठवडे काढले होते. सरदाराच्या दाढीतला करडा रंग जमेना म्हणून चार वेळा प्रूफ काढलं होतं. पण कुठला हात उजवा आणि कुठला डावा हे एकदाही बघितलं नव्हतं. आम्हा रंगवाल्यांना रंग दिसतो, माणूस दिसत नाही.

हे अठ्ठ्याण्णव सालचं. मी दुबईत अल क्वोजमधल्या एका मोठ्या प्रेसमध्ये प्रीप्रेसचा इनचार्ज होतो. प्रीप्रेस म्हणजे छपाईच्या आधीचं सगळं काम. फोटो स्कॅन करायचे, रंग वेगळे करायचे, फिल्म काढायची, प्लेट बनवायची. मशीनवर जे छापलं जातं, त्याचा बरावाईट जन्म आमच्या खात्यात होतो. चूक झाली की तीही तिथेच झालेली असते, असं मशीनवाले ठामपणे सांगतात.

ते काम त्या वर्षातलं सगळ्यांत मोठं होतं. जुन्या व्यापारी घराण्यातले एक गृहस्थ, सगळी प्रेस त्यांना 'अरबाब' म्हणजे मालक म्हणायची, दहा वर्षं युरोपातून जुनी चित्रं विकत घेत होते. त्यातल्या चोवीस चित्रांच्या हुबेहूब प्रिंट काढून, मखमली अस्तराच्या पेटीत घालून, दीड हजार पेट्या वाटायच्या होत्या. वकिलातींना, परदेशी म्युझियमना, बँकांच्या चेअरमनना. प्रत्येक प्रिंटखाली सोनेरी फॉइलमध्ये घराण्याचं चिन्ह, त्याखाली 'अमुक यांच्या संग्रहातून' असं अरबीत आणि इंग्रजीत. चित्रकाराचं नाव त्याच्या खाली, बरंच लहान. सुरुवातीला मला याची गंमत वाटली होती. चित्र काढलं एकाने आणि नाव मोठं दुसऱ्याचं.

पण हळूहळू त्यातलं गणित कळलं. दुबईत तेव्हा ज्याच्याकडे पैसा होता त्याच्याकडे टॉवर होता, गाड्या होत्या, घोडे होते. या गोष्टी रस्त्यावरून दिसतात. चांगली नजर मात्र दिसत नाही. चित्र घरातल्या एका भिंतीवर, ते बघणारे शेपन्नास पाहुणे. प्रिंट मात्र पन्नास देशांत जाते आणि तिथल्या बड्या लोकांच्या टेबलावर उघडली जाते. अरबाबचे आर्ट ॲडव्हायझर मिस्टर लॉरेन्स यांनी हे मला फार प्रेमाने समजावलं होतं. युरोपातले उमराव दोनशे वर्षांपूर्वी हेच करत, असं ते म्हणाले. पुरावा म्हणून त्यांनी या बाजवाल्या चित्राचीच एक जुनी प्रिंट दाखवली होती. कुठल्याशा उमरावाकडे तेव्हा हे चित्र होतं. त्याने तांब्याच्या प्लेटवर ते कोरून घेतलं होतं, खाली आपलं चिन्ह छापून मित्रांना वाटलं होतं. अरबाबने चित्राबरोबर ती प्रिंटही विकत घेतली होती आणि दोन्ही शेजारी शेजारी लावली होती.

तर नऊ नंबरच्या दीड हजारांपैकी बाराशे शीट छापून झाल्या होत्या. कागद कापसाचा, इटलीहून मोजून मागवलेला. एका शीटला बारा दिरहम, म्हणजे एकशे चाळीस रुपये, असं आमच्या स्टोअरकीपरने पहिल्याच दिवशी सगळ्यांना ऐकवून ठेवलं होतं. मी मशीन थांबवलं आणि आमचा स्कॅनर ऑपरेटर रझाक याला बोलावलं.

इथे थोडं समजावून सांगावं लागेल. तेव्हा पेंटिंगचा फोटो मोठ्या पारदर्शक फिल्मवर काढत. त्या फिल्मला दोन बाजू असतात, एक चकचकीत आणि एक मंद. स्कॅनरवर लावताना बाजू चुकली की अख्खं चित्र आरशात दिसावं तसं उलटं होतं. आमच्या धंद्यात याला फ्लॉप म्हणतात. यापेक्षा लाजिरवाणी चूक नाही, कारण ती पहिल्या वर्षाला शिकवतात.

रझाक केरळचा, बावीस वर्षं स्कॅनरवर. त्याचा चेहरा पांढरा पडला. "सर, मैंने ठीक लगाया था," एवढंच तो म्हणत राहिला. मी कपाटातून मूळ फिल्म काढली. लाइट टेबलवर, म्हणजे खालून उजेड येणाऱ्या टेबलावर, ती ठेवली, पण बघायची भीती वाटत होती.

भीती कशाची होती ते स्पष्ट सांगतो. गल्फमध्ये नोकरी गेली की नुसती नोकरी जात नाही. व्हिसा कंपनीचा, बायकोमुलीचा व्हिसा माझ्या व्हिसावर, शारजातलं घर व्हिसावर, शाळा व्हिसावर. आमचे पासपोर्टसुद्धा कंपनीच्या कपाटात असत. व्हिसा कॅन्सल झाला की तीस दिवसांत घर आवरायचं. मुलगी मृण्मयी दहावीत होती आणि बोर्डाची परीक्षा सहा महिन्यांवर आली होती. त्या एका फिल्मवर हे सगळं टांगलेलं होतं.

फिल्मच्या कडेला कंपनीची बारीक अक्षरं असतात. ती सुलट वाचता आली की फिल्म सुलट. मी भिंग लावलं. अक्षरं सुलट होती आणि बाज उजव्या हातावर होता. रझाकची चूक नव्हती. तो मटकन स्टुलावर बसला.

राहता राहिली शंका फोटोग्राफरची. त्याने कदाचित उलटी कॉपी पाठवली असेल. ते पेंटिंग समोर बघितल्याशिवाय कळणार नव्हतं. 'फायनल कलर चेक' असं कारण सांगून मी जुमेरातल्या अरबाबच्या व्हिलावर गेलो. अरबाब घरी नव्हते. सेक्रेटरीने मजलिसचं दार उघडून दिलं. मजलिस म्हणजे पाहुण्यांना बसवायचा मोठा दिवाणखाना.

पेंटिंगमध्ये बाज उजव्या हातावर होता. नोकर डाव्या हातानेच पेला देत होता. शेजारच्या जुन्या प्रिंटमध्येही तसंच. तिन्ही जागी एकच. मला अक्षरशः हसू आलं. चूक आमची नव्हती, त्या जुन्या युरोपियन चित्रकाराची होती. त्याला बाजांतलं काय कळणार? मी तिथूनच प्रेसला फोन करून मशीन चालू करायला सांगितलं आणि शिट्टी वाजवत गाडीत बसलो.

अल क्वोजच्या वळणावर ती शिट्टी थांबली.

माझी पहिली नोकरी पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका छापखान्यात होती. तिथे लग्नपत्रिकांचे गणपती ब्लॉकवर कोरून यायचे. ब्लॉकवर गणपतीची सोंड डावीकडे असली तर कागदावर उजवीकडे यायची. कारण सोपं आहे. रबर स्टॅम्पवर अक्षरं उलटी असतात तेव्हा ती कागदावर सुलट उमटतात. तांब्याच्या प्लेटचंही तेच. कोरणारा कारागीर चित्र समोर ठेवून जसंच्या तसं कोरतो, मग कागदावर ते उलटं उतरतं. काळजीवाले कारागीर आरशात बघून कोरत. घाईवाले फक्त खालची अक्षरं उलटी कोरत, म्हणजे निदान मालकाचं नाव तरी सुलट येई.

म्हणजे मूळ चित्रात बाज डाव्या हातावर असणार, बसायला हवा तसा. कोरून छापताना तो उजव्या हातावर गेला. आणि मग अरबाबच्या भिंतीवरच्या पेंटिंगमध्ये तो उजव्या हातावर कसा? एकच मार्ग होता. ते पेंटिंग त्या प्रिंटवरून केलेलं होतं. कुणीतरी जुनी प्रिंट समोर ठेवून, तिच्यातली उलटी माणसं तशीच उलटी रंगवली होती. अरबाबने जिवापाड जपलेलं चित्र ही नक्कल होती आणि तिचा पुरावा त्यांनी स्वतःच शेजारी फ्रेम करून लावला होता.

मी गाडी कडेला घेतली. चूक आपली वाटत होती तेव्हाही जेवढा घाबरलो नव्हतो, तेवढा आता घाबरलो. आपल्याला कळू नये ते कळलं होतं.

प्रेसवर पोचल्यावर आधी मशीन पुन्हा बंद केलं. आमचे जनरल मॅनेजर नबील, लेबनीज. माणूस वाईट नाही, पण त्यांना क्लायंटपेक्षा मोठं या जगात काही दिसत नसे. मी सगळं सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, प्रिंट पेंटिंगसारखी आहे का. मी हो म्हणालो.

"खलास, मिस्टर सतीश. आपण प्रिंटर आहोत, पोलीस नाही."

मी म्हटलं, सर, पेट्या युरोपातल्या म्युझियममध्ये जाणार. तिथे बसलेल्या माणसाला हे एका नजरेत कळेल. तो लिहील की बाज उलट्या हातावर आहे. मग अरबाब लॉरेन्सना विचारतील आणि लॉरेन्स म्हणतील प्रेसने फ्लॉप केलं. पेटीच्या मागे नाव आपलं आहे. हे ऐकल्यावर मात्र नबीलनी फोन उचलला.

प्रूफ बघायला तीन-तीन दिवस लावणारे लॉरेन्स तासाभरात हजर झाले. मला वाटलं होतं ते चिडतील, वाद घालतील, मला अडाणी म्हणतील. तसं काहीच झालं नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "सिंपल. फ्लॉप इट."

म्हणजे प्रिंट मुद्दाम उलटी करा. प्रिंटमध्ये बाज डाव्या हातावर बसेल, परदेशात कुणी बोट ठेवणार नाही. ते इतक्या पटकन म्हणाले की हा विचार त्यांनी आज पहिल्यांदा केलेला नाही, हे मला कळून चुकलं. मी म्हणालो, सर, हे लेखी द्या. ते हसले आणि म्हणाले की हा छपाईतला तांत्रिक मामला आहे, त्यात त्यांची सही कशाला. नबीलनी मला डोळ्यांनीच गप्प केलं. लॉरेन्स गेल्यावर ते म्हणाले, "यल्ला, उद्या छापा."

आता अडकित्त्यात मी होतो. आहे तशी छापली तर युरोपात बोभाटा. उलटी छापली तर मजलिसमध्ये बसलेला कुणीही पाहुणा पेटी उघडून भिंतीकडे बघणार आणि म्हणणार, प्रेसने उलटं केलं. तेव्हा लॉरेन्स मान हलवतील. कसंही झालं तरी हातात कुणाची सही नसल्याने अडकणार मीच.

संध्याकाळी शुभाला, माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "सांगितलंस तर आत्ता नोकरी जाईल, नाही सांगितलंस तर नंतर जाईल. मार्चनंतर जाईल असं काही होतंय का बघ. परीक्षा तरी होऊ दे तिची." चेष्टेत म्हणाली, पण लाटलेली पोळी दुमडून पुन्हा गोळा केला तिने. मृण्मयी अभ्यासाच्या टेबलावरून बघत होती. "बाबा, व्हाय डू यू जंप एव्हरी टाइम द फोन रिंग्ज?" तिला मी काहीतरी थातुरमातुर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आहे तशी आणि उलटवलेली अशा दोन्ही फिल्म काढल्या आणि दोन्हींचं एकेक प्रूफ काढलं. आमच्या करारात एक ओळ होती की शेवटच्या प्रूफवर सही अरबाब स्वतः करतील. आतापर्यंत त्यांच्या वतीने लॉरेन्सच, तीही फक्त रंगापुरती, करत आले होते. मी नबीलना म्हणालो, सही घेऊन येतो. कुणाची ते सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

अरबाब साठीचे होते. अंगात पांढराशुभ्र कंदुरा, म्हणजे पायघोळ अरबी झगा, हातात तसबीह, म्हणजे जपमाळ. जुन्या व्यापाऱ्यांसारखी त्यांची उमेदीची काही वर्षं मुंबईत मोत्यांच्या आणि कापडाच्या धंद्यात गेली होती, त्यामुळे हिंदी फर्डं बोलत. मला बसवलं, कॉफी मागवली. नोकराने डाव्या हातात किटली धरून उजव्या हाताने पेला दिला. मी तो हात बघत राहिलो. पेला घेताना थोडी कॉफी माझ्या पँटवर सांडली.

मी दोन्ही प्रूफ त्यांच्यासमोर ठेवली.

"दो क्यों?"

"साहब, ये आपकी दीवार जैसा है. और ये, बाज सच में जैसे बैठता है वैसा." मी दुसरं प्रूफ पुढे सरकवलं. "लॉरेन्स साहब ने बोला है ये दूसरा छापो. मुझे आपकी साइन चाहिए, कौन सा छापूँ."

त्यांनी दोन्हींकडे बघितलं. मग मला म्हणाले, तू छापणारा आहेस, तू सांग. पुढचं बोलायला मला फार जड गेलं. तांब्याची प्लेट, रबर स्टॅम्प, उलटं उमटणं, सगळं मी जमिनीकडे बघत सांगितलं. नक्कल हा शब्द उच्चारला नाही. "पेंटिंग सीधी होनी चाहिए थी, साहब," इथवर आलो आणि थांबलो.

ते उठून भिंतीपाशी गेले. पाठ माझ्याकडे, तसबीहचे मणी सरकत होते. मग मणी थांबले. मला फक्त पासपोर्टचं कपाट दिसत होतं.

"ये हाथ मैंने पहले दिन देखा था," ते भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले. "लॉरेन्स को पूछा. वो बोला, गोरे पेंटर को बाज का क्या मालूम. मैं हँसा था. मेरे मेहमान भी हँसते थे." मग वळले. "और कौन जानता है?"

खानचाचांचं आणि नबीलचं नाव मी घेतलं नाही. म्हणालो, मी आणि लॉरेन्स साहेब. आयुष्यात मालकाशी एवढं सरळ खोटं मी त्याआधी कधी बोललो नव्हतो.

त्यांनी दोन्ही प्रूफ हातात घेतली, एकावर एक ठेवली आणि गुंडाळी केली. "नौ नंबर नहीं छपेगा. जितना छपा है, काट दो. फिल्म मुझे भेजो." सही केली नाही. शुक्रियाही म्हणाले नाहीत. मी उठलो तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि ती नजर रागाची असती तर मला बरं वाटलं असतं.

त्या दुपारी शीट कटरखाली गेल्या आणि फिल्म जुमेराला गेली. पुढचे दोन दिवस मी टेबलातला खाजगी पसारा थोडा थोडा घरी नेत होतो. तिसऱ्या दिवशी नबीलनी बोलावलं. दार लावून घेतलं.

"अरबाबचा फोन होता. पेटीत तेवीस प्रिंट. मिस्टर लॉरेन्स यापुढे या कामात नाहीत." मग थोडं थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि तुम्ही पुन्हा त्यांच्या घरी जायचं नाही. त्यांच्या कुठल्याच कामाला हात लावायचा नाही. काय केलंत तुम्ही तिथे?"

मी म्हटलं, सही मागितली.

पेट्या गेल्या. त्यांचं फार कौतुक झालं. एका विमान कंपनीच्या मासिकात चार पानं छापून आली की या संग्राहकाची नजर किती पारखी आहे. खोटं नव्हतं ते, उरलेली तेवीस चित्रं खरोखर सुंदर होती. भिंतीवरच्या त्या जागी पुढे काय लागलं ते मला माहीत नाही, कारण मी पुन्हा तिथे गेलो नाही. माझी नोकरी राहिली. मृण्मयीची परीक्षा झाली. आर्टची कामं मात्र रझाककडे गेली आणि मला सुपरमार्केटचे फ्लायर मिळाले. सहा वर्षं मी गोठवलेल्या कोंबडीचा रंग जुळवला.

दोनेक वर्षांनी अरबाब एकदा प्रेसमध्ये आले होते. कॉरिडॉरमध्ये समोरासमोर आलो. मी सलाम केला. त्यांनी ओळखलं, हे मला नक्की कळलं, कारण त्यांनी मान फिरवली आणि भिंतीवरचं फायर एक्झिटचं चित्र बघत ते माझ्या शेजारून निघून गेले.

नव्या मुलांना शिकवताना मी सांगतो, प्रत्येक प्रूफवर सही घ्या, आणि फिल्मच्या कडेची अक्षरं वाचा. तिसरी गोष्ट कुठल्या पुस्तकात नाही. मोठ्या माणसाला त्याची झालेली फसवणूक दाखवून द्यायची असेल तर पत्राने द्या. त्याला कळतं त्या क्षणी खोलीत तुम्ही नसावं.